मोटारीचा करंट: कारणे, लक्षणे आणि उपाय

मोटारीचा करंट म्हणजे गाडीतून उतरून दाराला हात लावताच बोटाच्या टोकाला बसणारा, ‘टक्’ असा आवाज करणारा आणि सभ्य माणसाच्या तोंडून असभ्य शब्द काढणारा झटका. तो सेकंदाच्या लाखाव्या भागाआधीच संपतो. त्याच्यावरची चर्चा मात्र दिवाळीला सुरू होऊन होळीपर्यंत चालते. बुलढाणा जिल्ह्यात तो घाटावर बसतो तसाच घाटाखालीही बसतो. चिखलीच्या शिक्षकाला बसतो, मलकापूरच्या व्यापाऱ्याला बसतो आणि संग्रामपूरच्या सरपंचालाही बसतो. तेराही तालुक्यांना समान दाबाने आणि भारनियमनाशिवाय मिळणारी ही बहुधा एकमेव वीज.

या विजेचे शास्त्रीय नाव स्थितिक विद्युत. दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना घट्ट टेकून, घासून मग अलग झाले की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे राहून जातात. या बाबतीत पदार्थांचे स्वभाव ठरलेले असतात. लोकर, नायलॉन आणि माणसाचे केस इलेक्ट्रॉन देऊन टाकणाऱ्यांपैकी. पॉलिस्टर आणि पीव्हीसी घेऊन बसणाऱ्यांपैकी. सुती कापड साधारण मध्यावर बसते आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसते. गाडीत पॉलिस्टरचे मखमली कव्हर असते, त्यावर लोकरीचा स्वेटर घातलेला किंवा टेरिकॉटची पँट चढवलेला माणूस बसतो, खड्ड्याखड्ड्याला पाठ घासतो आणि मुक्काम आला की झटक्यात उठतो. बसलेला असतो तोवर दोन्ही बाजूंचा हिशेब जागच्या जागी जुळलेला असतो. उठताना तो उधारी न चुकवता दुकानातून बाहेर पडलेल्या गिऱ्हाइकासारखा असतो: घाईत, निर्धास्त आणि पकडला जाणारच. रबरी तळाच्या बुटामुळे ही उधारी जमिनीत उतरत नाही. मग दार लावण्यासाठी हात पुढे होतो आणि सगळी वसुली एका बोटातून होते.

या व्यवहारातले आकडे ऐकून पुष्कळांची छाती फुगते. झटका जाणवायला सुरुवात होते तीच मुळी सुमारे ३,००० व्होल्टला. कोरड्या हवेत सीटवरून उठणाऱ्याच्या अंगावर १०,००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब सहज तयार होतो. घरातल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात. गावाबाहेरच्या डीपीपर्यंत येणारी वाहिनी ११ केव्हीची, म्हणजे ११,००० व्होल्टची. थोडक्यात, डीपीला वीज पुरवण्याइतका दाब कोणताही सामान्य माणूस बूड उचलताना निर्माण करू शकतो. तो शेतपंप का चालवू शकत नाही, असा प्रश्न यावर हमखास येतो. उत्तर असे की दाब भरपूर असला तरी माल नसतो. माणसाच्या शरीरात विद्युतप्रभार साठवण्याची क्षमता फारच थोडी, शे-दोनशे पिकोफॅरड. त्यातून निघणारी ऊर्जा काही मिलिज्यूल. त्यामुळे जीव जात नाही, इजा होत नाही, फक्त प्रतिष्ठा जाते.

या विषयाचा इतिहास जुना आहे. घासलेला अंबर हलक्या वस्तू ओढून घेतो हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली चुंबकावरच्या आपल्या ग्रंथात या ओढीचा वेगळा विचार केला. त्या वेळी सिंदखेडराजात जिजाऊ दोन वर्षांच्या होत्या. १७४६ साली फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजासमोर १८० सैनिकांना एकमेकांचे हात धरून उभे केले, साठवलेली वीज त्यांच्यातून सोडली आणि सगळे एकदम उडाले. राजाला हे फार आवडले. सैनिकांचे मत कोणी विचारले नाही. त्यानंतर विज्ञान पुष्कळ पुढे गेले आणि आता हा प्रयोग राजाशिवाय, कोणत्याही पार्किंगमध्ये होतो.

झटक्याचा हंगाम हवेतल्या बाष्पावर ठरतो. दमट हवेत कापडावर, सीटवर, कातडीवर ओलाव्याचा अतिशय पातळ थर असतो आणि प्रभार त्यावरून हळूच ओघळून जातो. सापेक्ष आर्द्रता ३०-४० टक्क्यांच्या खाली गेली की हा रस्ता बंद होतो. मुंबईच्या नातेवाइकाला म्हणूनच हा प्रकार समजत नाही. तो थंडीत बुलढाण्याला येतो, गाडीतून उतरतो आणि पहिल्याच दिवशी यजमानांच्या गाडीबद्दल शंका घेतो. जिल्ह्यातली थंडी कोरडी आणि सकाळ बोचरी, विशेषतः घाटावर. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाकडे गाड्यांची रीघ लागते, ते दिवस तर ऐन हंगामाचे. उन्हाळ्याच्या दुपारीही हवा कोरडीच असते. पण तेव्हा अंगाला घाम असतो, आणि घाम वाहक असल्यामुळे थोडी सवलत मिळते.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्न नव्हता. लाकडाची साटी, वर कडबा, अंगात सुती धोतर आणि पायात चामड्याची वहाण किंवा काहीच नाही. साठायला जागा नाही आणि अडायला कारण नाही. आज परिस्थिती उलटी झाली आहे. जिल्ह्यात कापूस पिकतो. खामगावची कापसाची बाजारपेठ इतकी जुनी आणि मोठी की १८७० मध्ये जलंबहून तिच्यासाठी रेल्वेचा फाटा काढला गेला. तो कापूस गाड्या भरभरून बाहेर जातो. तो विकून आलेल्या पैशातून पॉलिस्टरची पँट, नायलॉनचे जाकीट आणि मखमली सीट कव्हर येते. मग शेतकऱ्याला करंट बसतो आणि तो म्हणतो, “ही गाडीच अवलक्षणी हाय.”

लक्षणे तीन टप्प्यांत दिसतात. पहिला टप्पा आश्चर्याचा. माणूस हात झटकतो, बोट तपासतो, मग दाराकडे असे पाहतो की जणू त्याने पाहुण्यांसमोर काही बोलून दाखवले. खात्री करण्यासाठी तो पुन्हा हात लावतो. दुसऱ्यांदा काही होत नाही, कारण सगळा प्रभार पहिल्याच ठिणगीत गेलेला असतो. या एका कारणामुळे पुढचे सगळे गैरसमज जन्माला येतात. झटका साक्षीदारासमोर पुन्हा करून दाखवता येत नाही, म्हणून घरचे हसतात.

“काय झालं गा?”

“करंट मारला ना बाप्पा!”

“कुठं? मले तर काई लागून नाही राह्यला.”

“तू बाहेरून हात लावला. आतून उतरून पाय ना!”

दुसरा टप्पा संशयाचा. आता गाडीचा मालक शेजाऱ्याच्या गाडीची चौकशी करतो. शेजारी ठामपणे सांगतो की आपल्या कंपनीच्या गाडीत असे कधी होत नाही. हे विधान ऑगस्टमध्ये केलेले असेल तर पूर्ण खरे असते.

तिसरा टप्पा भयाचा, आणि तो पाहण्यासारखा असतो. या टप्प्यातली कुटुंबे दाराला हात लावत नाहीत. कोणी रुमाल गुंडाळतो, कोणी पदर. कोणी कोपराने दार ढकलतो, कोणी कमरेने. पायाने लावणे सर्वांत सोयीचे. पण दसऱ्याला जिला झेंडूचा हार घातला, जिच्या चाकाखाली लिंबू ठेवले, त्या लक्ष्मीला लाथ कशी मारायची, असे धर्मसंकट उभे राहते. परिणामी मुक्कामी पोचलेले कुटुंब चारही दारे उघडी टाकून गाडीभोवती उभे असते.

“अहो, दार लावा ना.”

“तुझ्या बाजूचं आहे, तू लाव.”

“गाडी तुमची आहे.”

“हप्ते मी भरतो. करंट तरी तू घे.”

अशा वेळी घरातला सर्वांत लहान मुलगा पुढे केला जातो. तो आनंदाने हात लावतो, ‘टक्’ झाल्यावर खिदळतो आणि “आणखी एकदा” म्हणून पुन्हा सीटवर जाऊन बसतो. काही मिनिटांत त्याला या विजेचे सगळे शास्त्र कळते: सीटवर घासावे, उडी मारून उतरावे आणि दाराऐवजी ताईच्या कानाला बोट लावावे. सबंध कुटुंबात प्रयोगशील वृत्तीचा हा एकच माणूस असतो. त्याला धपाटा मिळतो.

यानंतर निदानाची पायरी येते. जिल्ह्यात वैद्यकीय निदानासाठी बाहेरगावी जावे लागते असे काहींचे म्हणणे असले तरी मोटारीच्या करंटचे निदान चहाच्या टपरीवर, आणि तेही न मागता होते. पहिला तज्ज्ञ सांगतो की वायरिंग शॉर्ट आहे. गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री बॅटरीची वायर काढून ठेवतो. तरी मालकाला उतरताना झटका बसतो. इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती, कारण गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि कोरड्या हाताला १२ व्होल्ट जाणवतही नाहीत. पण मिस्त्रीने खरे सांगितले की मालक दुखावतो.

“भाऊ, गाडीत करंट नाई. करंट तुमच्यातच हाय.”

“मंग मी काय बॅटरी हाय का?”

“तसं नाई, पण गाडीतून मी उतरलो तं मले नाई लागला.”

मिस्त्रीला झटका लागत नाही याला कारण आहे. तो ग्रीस लागलेल्या सुती कपड्यात असतो, हात ओलसर असतात आणि चाचणीसाठी तो सीटच्या काठावर जेमतेम टेकलेला असतो. पण हे समजावून सांगण्याचे पैसे मिळत नाहीत. पैसे वायरिंग बदलण्याचे मिळतात, त्यामुळे वायरिंग बदलले जाते.

दुसरा तज्ज्ञ वायरमन. तो टेस्टर घेऊन येतो आणि दार, बोनेट, डिकी, शेवटी आरसाही तपासतो. दिवा लागत नाही. “नो करंट,” असे इंग्रजीत सांगून तो जातो. टेस्टर लावण्याची पद्धत योग्य असली तरी उमेदवार चुकलेला असतो. गाडीतून नुकत्याच उतरलेल्या माणसाने टेस्टरच्या टोपीवर बोट ठेवून त्याचे टोक दाराच्या उघड्या धातूला लावले, तर आतला निऑनचा दिवा क्षणभर चमकतो आणि झटका बसत नाही, कारण टेस्टरमधला रोधक विजेला सावकाश जाऊ देतो. बाजारात मिळणारी ‘अँटिस्टॅटिक’ किचेन हेच करते. म्हणजे रोगाचे निदान आणि उपचार दोन्ही वायरमनच्या खिशात असतात, आणि तो ते घेऊन घरी जातो.

तिसरा तज्ज्ञ नात्यातला असतो. त्याच्या मते हा बी-१२ चा अभाव. त्याच्या साडूला असेच व्हायचे. गोळ्या सुरू केल्या आणि चार-पाच महिन्यांत थांबले. गोळ्या फेब्रुवारीत सुरू झाल्या होत्या, हे तो सांगत नाही. चौथा तज्ज्ञ गाडी कोणत्या वारी घेतली ते विचारतो.

“शनिवारी घेतली का?”

“नाही, शुक्रवारी.”

“मग घरी शनिवारी आणली असेल.”

“शुक्रवारीच आणली.”

“तेच म्हणतो, घाई झाली.”

शिक्षकांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सबंध नोकरीभर केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलून दाखवणारे, ‘ही स्थितिक विद्युत’ असे फळ्यावर लिहून देणारे गुरुजी निवृत्तीनंतर गाडी घेतात आणि पहिल्याच डिसेंबरात करंट बसला की वायरमनला फोन करतात. कंगव्याचा धडा परीक्षेसाठी असतो, गाडीसाठी नसतो, अशी शिक्षणक्षेत्रात सर्वमान्य समजूत आहे.

उपायांचे तीन वर्ग पडतात: पारंपरिक, विकत मिळणारे आणि उपयोगी. पारंपरिक उपायांत लिंबू-मिरची अग्रभागी. ती पुढच्या बंपरला टांगतात. तिचे समर्थन आता विज्ञानानेही केले जाते: लिंबात आम्ल असते, शाळेत लिंबाची बॅटरी करतात, त्या अर्थी लिंबू वीज ओढून घेत असणार. मिरचीचे कार्य अद्याप कोणी स्पष्ट केलेले नाही. अर्थिंगचा उपाय त्याहून अवजड. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात, हे सर्वांना माहीत असते. म्हणून डिकीत मिठाची पिशवी आणि कोळशाचे पोते ठेवणारे सावध गृहस्थही असतात. त्यांच्या गाडीला करंट पूर्वीइतकाच बसतो, मात्र लोणारच्या सहलीत भरीत भाजायची सोय होते.

विकत मिळणाऱ्या उपायांत मागच्या बाजूला लोंबणारी रबरी पट्टी सर्वांत लोकप्रिय. तिच्यात तार असते आणि ती रस्त्याला टेकलेली असली की गाडीचा प्रभार जमिनीला जातो. पूर्वी टँकरच्या मागे साखळी घासत जायची, तिची ही धाकटी बहीण. पट्टी आपले काम प्रामाणिकपणे करते, पण गाडीचे. माणसाचा प्रभार माणसाबरोबर उतरतो. शिवाय टायर पूर्वीपासूनच थोडेफार वाहक असतात, कारण त्यांना काळा रंग देणारा कार्बन वीज वाहून नेतो. अलीकडच्या टायरमध्ये सिलिका वाढल्यापासून ही वाट अरुंद झाली आहे, एवढेच. पट्टीचा दुष्परिणाम मात्र मोठा. ती लावून नांदुऱ्याहून मलकापूरला निघालेल्या माणसाला रस्त्यावरचा प्रत्येक परोपकारी मनुष्य हात करून थांबवतो.

“ओ भाऊ! तुमच्या गाडीचं काहीतरी लोंबून राह्यलं!”

“पट्टी आहे ती. करंटची.”

“करंट हाय तं तोडून टाका ना! पेट घेईन.”

तिसऱ्या वेळेला मालक खुलासा न करता नुसता हात हलवतो. चौथ्या वेळेला तो उतरून पट्टी ओढून काढतो, आणि उतरलेला असल्यामुळे करंटही खातो.

खामगावची चांदी प्रसिद्ध असल्यामुळे घाटाखाली चांदीच्या अंगठीचा उपाय निघाला तर नवल नाही. तो शास्त्राला धरूनही आहे: सर्व धातूंत चांदी सर्वोत्तम वाहक. अंगठी आधी दाराला टेकवली तर ठिणगी अंगठीवर पडते आणि वीज बोटाच्या टोकाऐवजी अंगठीखालच्या सगळ्या कातडीत विभागली जाते, म्हणून टोचत नाही. रुपयाचे नाणे घट्ट धरून दाराला लावले तरी हेच घडते. गाडीची किल्लीही चालते. पण किल्ली आणि नाणे घरात आधीच असते, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

सामाजिक परिणामांत लग्नाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण जिल्ह्यातले बरेचसे विवाह कोरड्या हंगामात होतात. नवरदेव शेरवानीत असतो, ती पॉलिस्टरची. गाडी भाड्याची, तिचे कव्हर मखमली. पाय नव्या चकचकीत मोजड्यांत. त्यांचा तळ कृत्रिम. तो गाडीतून उतरतो, दार दुसराच कोणी लावतो, म्हणजे वसुली झालेली नसते. एवढ्यात सासूबाई ताट घेऊन पुढे येतात आणि कुंकू लावण्यासाठी कपाळाला बोट लावतात. ‘टक्’. ताट हलते, निरांजन विझते, नवरदेव मागे सरकतो आणि करवल्या किंचाळतात. वधूपक्षात “जावई तेजस्वी आहे” असे बोलले जाते, वरपक्षात “सासू कडक आहे” असे. पुढची वीस वर्षे हे दोन्ही निष्कर्ष कायम राहतात.

हस्तांदोलनाचेही तसेच. गाडीतून उतरलेल्या पुढाऱ्याशी उत्साहाने हात मिळवणारा कार्यकर्ता थंडीत दोन पावले मागे उडतो आणि साहेबांच्या हातात पॉवर असल्याचे गावभर सांगतो. म्हणून शेगावकडे ‘जय गजानन’ आणि सिंदखेडराजाकडे ‘जय जिजाऊ’ म्हणण्याची रीत विद्युतदृष्ट्या फार सुरक्षित आहे; दोन्हींत हात आपापल्या छातीशी राहतात.

शेगावच्या बाबतीत आणखी एक निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. पुष्कळ भाविक चपला गाडीतच काढून ठेवतात आणि अनवाणी उतरतात. त्यांना दार लावताना सहसा झटका बसत नाही. याचे श्रेय गजानन महाराजांना दिले जाते. कृपेचा वाटा किती हे भौतिकशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे. पायांचा वाटा मात्र निश्चित सांगता येतो. अनवाणी तळव्यातून प्रभार क्षणार्धात जमिनीत उतरतो आणि हात दारापर्यंत पोचेतो अंगात काही उरत नाही. दर्शन झाल्यावर चपला घालून, कचोरीची पिशवी मांडीवर घेऊन खामगावला परत आलेल्या त्याच भाविकाला घरासमोर करंट बसतो. तेव्हा कचोरीवर संशय घेतला जातो.

उपायांच्या यशापयशाचा विचार करताना पावसाळा विसरून चालत नाही. भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पीक आणि राजा यांची भाकिते होतात. करंटचे होत नाही. त्याची गरजही नाही. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की तो आपोआप थांबतो. त्यामुळे जूनमध्ये केलेला प्रत्येक उपाय गुणकारी ठरतो. ज्याने लिंबू टांगले त्याचे लिंबू लागू पडते, ज्याने गोळ्या घेतल्या त्याच्या गोळ्या, ज्याने वायरिंग बदलले त्याचे वायरिंग. प्रत्येक जण आपला उपाय चार जणांना सांगतो. दिवाळीनंतर करंट परत आला की उपाय खोटा ठरत नाही; लिंबू वाळले, एवढाच अर्थ लावला जातो.

पेट्रोल पंपावर मात्र हा विषय थट्टेचा राहत नाही. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असली तर तिला पेटवायला एक मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्श्याइतकी ऊर्जाही पुरते, आणि बोटातून उडणाऱ्या ठिणगीत याहून कितीतरी जास्त असते. म्हणून टँकर रिकामा करण्याआधी त्याला अर्थिंगची तार जोडतात. म्हणून गाडीतून उतरल्यावर टाकीच्या झाकणाजवळ जाण्याआधी लांबच्या धातूला हात लावावा, आणि पेट्रोल भरणे चालू असताना पुन्हा सीटवर जाऊन बसू नये. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये इंधन नेण्याची सवय खेड्यापाड्यात सार्वत्रिक आहे. कॅन भरायचाच तर तो योग्य प्रकारचा असावा आणि डिकीत, ट्रॉलीत किंवा मांडीवर नव्हे, जमिनीवर ठेवून भरावा. पंपावर मोबाइल बंद ठेवण्याची सूचना सगळे वाचतात आणि मोबाइल काढून तिचा फोटो घेतात. अंगातल्या विजेबद्दलची सूचना वाचायला मात्र कोणी थांबत नाही.

उरला तिसरा वर्ग, उपयोगी उपायांचा. तो सर्वांत लहान आहे. सीटवर सुती कव्हर घालावे. कापूस जिल्ह्याचाच आहे. थंडीत स्वेटर काढायचा असेल तर गाडीतून उतरण्यापूर्वी नव्हे, घरी पोचल्यावर काढावा. शक्यतो चामड्याच्या तळाचे पायताण वापरावे. आणि मुख्य उपाय असा: सीटवरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीवरचा रंग नसलेला धातू, उदाहरणार्थ लॉक ज्यात अडकते तो आकडा, हाताने धरावा, धरूनच उठावे, दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडू नये. असे केल्याने प्रभार साठायच्या आतच परत जातो आणि ठिणगी पडायला काही शिल्लक राहत नाही.

हा उपाय सर्वांना सांगून झाला आहे. ऐकणारा मान डोलावतो, “इतकंच?” म्हणतो, आणि पुढच्या मुक्कामी मोबाइल एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन नेहमीसारखा उडी मारून उतरतो. या विषयावर लेख लिहिणारी मंडळीही याला अपवाद नाहीत. नियम डोक्यात असतात आणि उतरायची घाई पायात. गाडी या प्रकरणात संपूर्ण निर्दोष आहे. तिचे वायरिंग बदलू नये, तिला लिंबू टांगू नये, तिची कुंडली काढू नये. उपायाला एक पैसाही लागत नाही, आणि तो आजवर कोणाला पटला नाही याचे कारणही बहुधा तेच आहे.